यादीतली नोंद आणि रानातली वाट

२०२४ च्या ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, महाराष्ट्र विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली लावलेल्या जाळीवर उडी घेतली. मंत्रालयात आत्महत्येचे प्रयत्न होऊ लागले तेव्हा, २०१८ साली, ती जाळी बांधण्यात आली होती. झिरवाळांबरोबर पालघरचे खासदार हेमंत सवरा होते, अकोले तालुक्याचे आमदार किरण लहामटे होते, आणखी काही आदिवासी आमदार होते. यातले बहुतेक सत्तेतल्या पक्षांचे. मागण्या मुख्यतः दोन होत्या. धनगर समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीत घेऊ नका, ही पहिली. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातली अडकलेली नोकरभरती मोकळी करा, ही दुसरी.

त्याच्या तीनच आठवडे आधी चित्र उलटं होतं. पंढरपुरात धनगर समाजाचं उपोषण चालू होतं, आणि धनगर व यादीतले ‘धनगड’ एकच, असा शासन निर्णय काढता येईल का, याचा मसुदा तयार करण्यासाठी सरकारने समिती नेमण्याचं कबूल केलं होतं. एका समाजाला दिलेला शब्द दुसऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवून गेला. महिनाभर वाहिन्यांवर दोन्ही बाजूंचे आवाज चढत गेले. निवडणुकीची आचारसंहिता लागली, शासन निर्णय निघाला नाही, आणि प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

लहामटे ज्या अकोले मतदारसंघातून निवडून येतात त्याच्या दक्षिण टोकाला हरिश्चंद्रगड आहे. गडाच्या अलीकडच्या पायथ्याला खिरेश्वर, आणि तिथून पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी डोळ्यांसमोर ठेवत कल्याण-नगर रस्त्याने खाली आलं की मढ. हा जुन्नर तालुका. मढ हे नुसतं गावाचं नाव नाही, खोऱ्याचंही आहे. पारगाव तर्फे मढ यासारख्या गावनावांत जुन्या महसुली विभागणीची खूण अजून टिकून आहे. या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी राहतात. राष्ट्रपतींच्या १९८५ च्या आदेशाने पुणे जिल्ह्यातली जी गावं अनुसूचित क्षेत्रात आली त्यांत आंबेगावची ५६ आणि जुन्नरची ६५ आहेत. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आंबेगावात, घोडेगावला. दाखल्यापासून वसतिगृहापर्यंत सगळ्या कामांसाठी खोऱ्यातल्या माणसाची पायपीट त्या कार्यालयापर्यंत होते.

आणि याच खोऱ्यातून दर वर्षी धनगरांची वाट जाते.

पारनेर, संगमनेर या कोरड्या तालुक्यांतले मेंढपाळ, ढवळपुरीसारख्या गावांतली कुटुंबंच्या कुटुंबं, दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादून पश्चिमेकडे निघतात. काही वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यातच फिरत राहतात, काही माळशेज घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परत फिरतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. खूर सडतात, जनावर आजारी पडतं. म्हणून चार महिने देशावर, आठ महिने वाटेवर, असं त्यांचं वर्ष आहे. ज्या महिन्यांत मढ खोऱ्यातली भातखाचरं कापणी होऊन मोकळी पडतात त्याच महिन्यांत मेंढरं येतात. शेतकरी खाचरात वाडा बसवून घेतो. रात्री वाघर लावून मेंढरं कोंडली की सकाळी शेतात लेंडीखत पडलेलं असतं. पूर्वी त्याचा मोबदला धान्यात मिळायचा, आता रोख मिळतो. भाताच्या रोपासाठी राब भाजणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला खताची किंमत कुणी शिकवावी लागत नाही.

घोंगडीचंही तसंच. मावळात भात लावताना अंगावर इरलं नाहीतर घोंगडी. ती ज्या लोकरीची असते ती मेंढी धनगराची, आणि तिचं विणकाम सनगर-खुटेकरांचं. आता प्लॅस्टिकचा कागद आला, लोकरीला भाव उरला नाही, कातरलेली लोकर टाकून द्यायची वेळ आली. तरी या दोन समाजांचा देणंघेणं असलेला संबंध काही शतकांचा आहे, हे विसरता येत नाही. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं धनगरांच्या वाड्यांबरोबर काढली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांचा अभ्यास करताना त्यांनी रान, कुरण आणि गाव यांना एका साखळीत पाहिलं. खंडोबाची एक बायको म्हाळसा वाण्याची लेक, दुसरी बाणाई धनगराची. महादेव कोळ्यांच्या देव्हाऱ्यातही खंडोबा आहे.

हे सगळं गोडच होतं असं मात्र नाही. शेळ्या-मेंढ्या रोपं खातात, चाऱ्यासाठी फांद्या तोडल्या जातात, उभ्या पिकात कळप घुसतो, पाणवठ्यावर बाचाबाची होते. ज्या हिरड्यावर जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी घरांचं उन्हाळ्याचं पोट चालतं, त्या झाडाच्या आसपास परक्या कळपाकडे संशयाने पाहिलं जातं. पण ही भांडणं गावाच्या पातळीची. नुकसान किती, भरपाई किती, एवढ्यावर ती मिटतात. मंत्रालयातल्या जाळीपर्यंत जे भांडण गेलं ते वेगळं आहे. ते कागदावरच्या एका नोंदीचं आहे.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत छत्तिसाव्या क्रमांकावर ‘ओरान, धनगड’ अशी नोंद आहे. धनगर संघटनांचं म्हणणं असं की महाराष्ट्रात धनगड नावाची जमातच नाही. इंग्रजी लिपीत ‘र’चा ‘ड’ झाला आणि लाखो माणसं आपल्या हक्काला मुकली. आदिवासी संघटना म्हणतात, ओरान ही छोटा नागपूरकडची, कुडुख भाषा बोलणारी जमात आहे. धनगड हे तिचंच दुसरं नाव. मेंढपाळ धनगरांचा तिच्याशी संबंध नाही. हा वाद अखेर मुंबई उच्च न्यायालयात गेला. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने धनगरांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या. कारण साधं होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ खाली निघालेली यादी जशी आहे तशीच वाचायची असते. तिच्यात भर घालणं किंवा तिच्यातून काही वगळणं हे फक्त संसदेच्या हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली, हलबा-कोष्टी वादाच्या मिलिंद प्रकरणात, हेच सांगून ठेवलं होतं.

म्हणजे मंत्रालयातून निघणाऱ्या कुठल्याही शासन निर्णयाने हा प्रश्न सुटणारच नव्हता. राज्याने शिफारस करायची, मग महानिबंधकांचं मत, मग राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाचं, मग केंद्रीय मंत्रिमंडळ आणि शेवटी संसद, अशी ही पायऱ्यांची वाट आहे. हे २०१४ सालीही सगळ्या पक्षांच्या नेत्यांना ठाऊक होतं. तरी त्या वर्षी पंढरपूरहून बारामतीला धनगरांची पदयात्रा गेली, बारामतीत उपोषण झालं, आणि सत्तेवर आल्यास मंत्रिमंडळाच्या पहिल्याच बैठकीत निर्णय घेऊ, असं आश्वासन तेव्हाच्या विरोधी पक्षाकडून दिलं गेलं. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे अभ्यास सोपवला गेला. दहा वर्षं गेली. आपल्या अखत्यारीत नसलेली गोष्ट देऊ करणं ही फसवणूक आहे, आणि ती एकाच वेळी दोन समाजांची झाली. धनगरांना खोटी आशा मिळाली, आदिवासींना खरी भीती.

आदिवासींची भीती समजून घ्यायची तर मढ खोऱ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण यादीत दुसऱ्याने शिरण्याचा सर्वांत कडू अनुभव महादेव कोळ्यांचाच आहे.

यादीत ‘कोळी महादेव, डोंगर कोळी’ ही स्वतंत्र नोंद आहे. ही जमात कोण, हे काही नव्याने ठरवायचं नाही. कॅप्टन मॅकिंटॉश या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३०च्या दशकातच सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांवर सविस्तर लिहून ठेवलं. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. तरीही किनाऱ्यावरच्या आणि मैदानातल्या, यादीबाहेरच्या कोळी समाजातल्या अनेकांनी ‘महादेव कोळी’ असे दाखले मिळवले. १९७६ च्या कायद्याने जमातींवरची क्षेत्रमर्यादा उठली. त्यामुळे स्थलांतर केलेल्या खऱ्या आदिवासींचा फायदा झाला, तसं नामसाधर्म्यावर दावा करणाऱ्यांसाठीही दार उघडलं. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं १९९४ चं माधुरी पाटील प्रकरण नेमकं हेच होतं. मुंबईतल्या एका कुटुंबाने मुलींच्या वैद्यकीय प्रवेशासाठी महादेव कोळी असल्याचा दावा केला आणि तो टिकला नाही. देशभर आज ज्या जात पडताळणी समित्या आहेत त्यांची चौकट त्या निकालातून आली. खोट्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी राखता येणार नाही, असं २०१७ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं. राज्य सरकारने मात्र २०१९ च्या डिसेंबरमध्ये असे दाखले अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदांवर ठेवलं. त्यातून मोकळी व्हायला हवीत अशा साडेबारा हजार पदांचा हिशेब आदिवासी संघटना प्रत्येक मोर्चात मागतात.

या पार्श्वभूमीवर सात टक्के हा आकडा वाचायला हवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर, म्हणजे ९.३५ टक्के होती. नोकऱ्यांतलं त्यांचं आरक्षण सात टक्के. लोकसंख्येपेक्षा आधीच कमी. त्यात काही हजार जागा बनावट दाखल्यांनी गेलेल्या. मग एक मोठा, संघटित, राजकारणात वजन असलेला समाज याच सात टक्क्यांच्या ताटावर बसणार म्हटल्यावर डोंगरातल्या माणसाने काय समजायचं? २०२५ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेला. त्याच गॅझेटचा दाखला देत बंजारा समाजानेही अनुसूचित जमातीची मागणी जोराने पुढे केली, आणि आदिवासींचे मोर्चे पुन्हा रस्त्यावर आले. भीतीला नवं कारण मिळत राहतं.

खऱ्या महादेव कोळ्यालाही या संशयाची किंमत मोजावी लागते. जुन्या शाळेच्या आणि महसुली दप्तरात त्याच्या आजोबा-पणजोबांच्या नावापुढे कित्येकदा नुसतं ‘कोळी’ लिहिलेलं असतं. मग १९५० पूर्वीचा पुरावा आणा, देवदेवतांची आणि लग्नविधीची माहिती द्या, दक्षता पथकाला तोंड द्या. जमातीशी आप्तभाव तपासण्याची ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मार्चमध्ये ठाकर समाजाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. निकाल लागला. पण दाखल्यासाठीची धावपळ कमी झाल्याचं डोंगरातल्या घरांना अजून जाणवायचं आहे.

आता पलीकडची बाजू. धनगरांना भटक्या जमाती ‘क’ या प्रवर्गात साडेतीन टक्के आरक्षण आहे. शिक्षणात आणि राज्याच्या नोकऱ्यांत त्याचा उपयोग होतो, पण केंद्रात ते इतर मागासवर्गांत मोडतात आणि विधानसभा-लोकसभेत त्यांना राखीव जागा नाहीत. समाजातली दरी प्रचंड आहे. सोलापूर-बारामतीकडचा बागायतदार धनगर आणि माळशेजच्या वळणावर घोड्याचा लगाम धरून मेंढरं हाकणारी धनगरीण हे दोघे एकाच प्रवर्गात. त्या बाईच्या मुलाची शाळा दिवाळीला सुटते ती पावसाळ्यातच पुन्हा भरते. ऊसपट्ट्यात वाड्यावर बिबट्याचा हल्ला होतो. जुन्नर वनविभागात हा धोका रोजचा आहे, आणि उघड्यावर झोपणारं मेंढपाळाचं लेकरू त्यात सर्वांत पहिलं सापडतं. गायरानं अतिक्रमणात आणि प्रकल्पांत गेली. वनखात्याच्या हद्दीत कळप गेला की दंड. ‘आम्ही काय यादीतल्या जमातींपेक्षा सुखात जगतो?’ हा या समाजाचा प्रश्न आहे, आणि तो खरा आहे.

२०१९ साली राज्य सरकारने ‘जे आदिवासींना ते धनगरांना’ अशी घोषणा करून आदिवासी योजनांच्या धर्तीवर धनगरांसाठी योजना आखल्या. त्याआधी यशवंतराव होळकरांच्या नावाने ‘महामेष’ योजना आली होती: वीस मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. निधी आदिवासी उपाययोजनेतून न घेता वेगळा द्यायचा, हे त्यात चांगलं होतं. उणीव एकच, पण मोठी: मेंढ्या दिल्या, त्या चारायच्या कुठे हे सांगितलं नाही.

महाराष्ट्राला या पेचातून वाट काढायची तर इतर राज्यांत काय झालं ते पाहणं भाग आहे. राजस्थानात गुज्जरांनी अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला तेव्हा यादीत असलेल्या मीणा समाजाने विरोध केला. २००७ च्या मे महिन्यात रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, पोलीस गोळीबार झाला, दोन्ही समाज समोरासमोर आले, अनेकांचे जीव गेले. न्या. जसराज चोप्रा समितीने गुज्जर प्रचलित निकषांत बसत नाहीत, असं सांगितलं. वाद कायद्याच्या आणि न्यायालयाच्या फेऱ्यांतून गेला आणि २०१९ मध्ये गुज्जर, रायका-रेबारी, गडरिया, बंजारा आणि गाडिया लोहार या पाच समाजांना अति मागास वर्ग म्हणून पाच टक्के वेगळं आरक्षण मिळालं. यातले रायका आणि गडरिया म्हणजे तिकडचे पशुपालकच. मीणांच्या वाट्याला हात लागला नाही.

जम्मू-काश्मीरमध्ये २०२४ साली संसदेने पहाडी समाजाला अनुसूचित जमातीत घेतलं. गुज्जर-बकरवाल आधीपासून यादीत होते, त्यांचा विरोध तीव्र होता. तिथल्या प्रशासनाने त्यांचं दहा टक्के आरक्षण जसंच्या तसं ठेवलं आणि नव्याने आलेल्यांना वेगळं दहा टक्के दिलं. तक्रारी अजून आहेत, खुल्या प्रवर्गाची नाराजी वाढली आहे, पण यादीतल्या जुन्या समाजाचा हिस्सा शाबूत राहिला.

आणि मणिपूर. २७ मार्च २०२३ रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने मैतेई समाजाच्या अनुसूचित जमातीच्या मागणीवर शिफारस पाठवण्याचा विचार करा, असा आदेश राज्याला दिला. ३ मे रोजी डोंगरी जिल्ह्यांत आदिवासी विद्यार्थ्यांचा निषेध मोर्चा निघाला आणि त्याच दिवशी हिंसा पेटली. दोनशेहून अधिक माणसं मेली, हजारो घरं जळाली, छावण्या भरल्या. आदेशातला तो परिच्छेद न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत काढून टाकला. तोवर खोरं आणि डोंगर यांच्यामध्ये सीमारेषा उभ्या राहिल्या होत्या. त्या हिंसेमागे जमिनीपासून स्थलांतरापर्यंत इतर कारणं बरीच होती, पण ठिणगी यादीची होती.

महाराष्ट्रात इतकं बिनसलेलं नाही. याचं श्रेय नेत्यांना देता येणार नाही. इथे दोन्ही समाज वेगवेगळ्या भागांत राहूनही एकमेकांच्या शेतात, बाजारात आणि वाटेवर भेटत राहिले, आणि दोन्हीकडच्या संघटनांनी, आवाज चढलेला असतानाही, एक वाक्य सोडलं नाही. आदिवासी संघटना सातत्याने म्हणत आल्या, धनगरांना आरक्षण द्यायला आमचा विरोध नाही, आमच्या सात टक्क्यांतून देऊ नका. धनगर नेते म्हणत आले, आदिवासींच्या वाट्याला धक्का न लावता द्या. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली तर भांडण उरतं कुठे? आरक्षणाचा टक्का हा दोघांच्या मधला वाद राहतच नाही. तो दोघांचा मिळून सरकारशी असलेला प्रश्न होतो.

त्यातून पुढे जाणारी घटनात्मक वाट सोपी नाही, हे मान्य करायला हवं. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने पंजाब विरुद्ध दविंदर सिंग प्रकरणात अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. जमातींच्या बाबतीत तशी चर्चा सुरू झाली तर पहिला हक्क कातकऱ्यांचा लागेल. ते महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहेत, मढ-आंबेगावच्या पट्ट्यातही आहेत, आणि सात टक्क्यांतलं त्यांच्यापर्यंत पोचलेलं फार थोडं आहे. धनगरांमध्ये जसा मेंढपाळ मागे, तसा आदिवासींमध्ये कातकरी मागे. मंत्रालयात आणि वाहिन्यांवर या दोघांपैकी कुणीच दिसत नाही.

म्हणून समान भूमी शोधायची तर ती खरोखरच्या भूमीवर शोधावी लागेल. तिच्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, कायदा हातात आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं पूर्ण नाव अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम असं आहे. जुन्नर-आंबेगावात त्याची ओळख बहुतेकांना आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यांसाठी आहे. पण कलम ३ मध्ये चराईचा हक्क आहे, आणि तो स्थायिक तसाच फिरत्या समाजालाही आहे. भटक्या आणि पशुपालक समाजांना हंगामी वापराचा पारंपरिक हक्कही त्यात नोंदला आहे. धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, पण १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, रानावर अवलंबून असल्याचं दाखवता आलं तर ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करू शकतात. अट कठीण आहे. फिरत्या माणसाकडे पंचाहत्तर वर्षांचे कागद असतात कुठे? पण नियमांत वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालतं. खोऱ्यातल्या म्हाताऱ्या महादेव कोळ्याने सांगितलं की माझ्या आजाच्या काळापासून या वाटेने धनगरांची मेंढरं जातात, तर ती साक्ष कायद्याच्या दृष्टीने पुरावा आहे. आजवर कागदासाठी दोघेही वणवण हिंडले. इथे एकाचा शब्द दुसऱ्याचा कागद होऊ शकतो.

नियमांमध्ये आणखी दोन तरतुदी आहेत ज्या जणू माळशेजच्या वाटेसाठीच लिहिल्या असाव्यात. बारावा नियम सांगतो, पशुपालक आणि भटक्या समाजांच्या दाव्यांची पडताळणी ती माणसं हजर असतील अशाच वेळी करायची. आठवा नियम जिल्हास्तरीय समितीला सांगतो, अशा समाजांचे दावे सुटले नाहीत ना ते पाहा, आणि दावा दोन जिल्ह्यांत पसरला असेल तर शेजारच्या जिल्ह्याशी समन्वय साधा. पारनेरचा मेंढपाळ अहिल्यानगर जिल्ह्यातला, वाट पुणे जिल्ह्यातली, शेवटचा मुक्काम ठाणे जिल्ह्यातला. कायद्याने याचा विचार करून ठेवला आहे. अंमल करणाऱ्यांनी तो करायचा बाकी आहे.

यात आदिवासींचा तोटा काय? काहीच नाही. दावा तपासणारी सभा त्यांचीच, ग्रामसभा. किती कळप, कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूने, हिरड्याच्या रानापासून किती अंतरावर, फांदी तोडायची की नाही, या अटी ग्रामसभा ठरवू शकते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला रानाचं व्यवस्थापन करण्याचा अधिकारच कायद्याने दिला आहे. उलट, बाहेरून येणाऱ्या कळपाचा हंगाम नोंदला गेला तर गावाचा रानावरचा अधिकार कागदावर अधिक पक्का होतो. धनगरांना दंडाऐवजी हक्काची वाट मिळते. सात टक्क्यांतला एक अंशही इकडचा तिकडे होत नाही.

पाण्याचा धागाही इथून दूर नाही. पिंपळगाव जोगे हे कुकडी प्रकल्पातलं धरण. त्याच्या जलाशयाभोवती आदिवासी गावं आहेत, आणि त्याचा कालवा पारनेरपर्यंत जातो. ज्या तालुक्यातून मेंढरं चाऱ्या-पाण्यासाठी पश्चिमेला येतात त्याच तालुक्याला मढच्या बाजूचं पाणी जातं. या दोन भागांच्या प्रतिनिधींनी एका टेबलावर बसायचं ठरवलं तर बोलायला विषय पुष्कळ आहेत: गायरानं, पाणवठे, बिबट्यापासून संरक्षण, फिरत्या मुलांसाठी हंगामी शाळा, हिरड्याला आणि लोकरीला हमीभाव. यातल्या एकाही विषयावर धनगर आणि महादेव कोळी एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत.

दोन्ही समाजांच्या नेत्यांनी यादीची लढाई सोडावी, असं कुणी म्हणणार नाही. ज्याला हक्क वाटतो त्याने तो संसदेकडे मागावा, ज्याला धोका वाटतो त्याने सनदशीर विरोध करावा. मात्र सत्तेवर असलेल्यांनी दोघांनाही खरं सांगितलं पाहिजे: राज्य सरकार यादी बदलू शकत नाही, शासन निर्णयाने ‘ड’चा ‘र’ होत नाही, आणि आदिवासींच्या सात टक्क्यांना हात न लावता काय करता येईल हे लेखी मांडायला सरकारला आजही कुणी अडवलेलं नाही. टाटा संस्थेकडे सोपवलेल्या अभ्यासावर विधिमंडळात मोकळी चर्चा व्हावी. अधिसंख्य पदांचा हिशेब तारखेसह जाहीर व्हावा. विश्वासाची सुरुवात तिथून होईल.

आणि मढ खोऱ्यातल्या, तसंच आंबेगावच्या पश्चिम भागातल्या ग्रामसभांना एक विनंती. दिवाळीनंतर वाडे निघतात. डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत कधीही एक ग्रामसभा अशी बोलवा की खाचरात उतरलेल्या मेंढपाळांनाही तिचं निमंत्रण असेल. वनहक्क समितीच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या वाटा, मुक्काम आणि महिने लिहून घ्या, तुमच्या अटीही त्याच पानावर लिहा, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या-अंगठे घ्या, आणि ठराव उपविभागीय समितीकडे पाठवा. त्याची एक प्रत घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयालाही द्या.